आभाराचे ओव्हाळभाऊ

आमच्या क्लबात लोक व्याख्यानाला उशिरा यायचे आणि आभाराला वेळेवर. हे इतर कुठल्या संस्थेत घडत असेल असं मला वाटत नाही. आभार सुरू झाले की माणसं चपला शोधायला लागतात, हा सगळीकडचा रिवाज. आमच्याकडे मात्र सात वाजायला आले की जिन्यात पावलं वाजायची, मागच्या खुर्च्या भरायच्या आणि कुजबुज व्हायची, "ओव्हाळभाऊ उठले का?"

तळेगावात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा हॉल आहे. पन्नास-साठ प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, एक खरखरणारा माईक आणि भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो. महिन्यातून दोन गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी पाहुणे बोलायला यायचे, आणि एका रविवारी आम्ही कुठेतरी भेटीला जायचो. कधी आश्रमशाळा, कधी वृद्धाश्रम, कधी एखाद्या गावचं आरोग्य केंद्र. मी क्लबची चिटणीस. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. अक्षर बरं आहे म्हणून इतिवृत्ताची वही माझ्याकडे आली ती कायमचीच. वहीत व्याख्यानांच्या नोंदी आहेत, पण ती व्याख्यानं मला आता आठवत नाहीत. भाऊंचे आभार आठवतात.

विश्वनाथ ओव्हाळ मूळचे वराळ्याचे. फोर्जिंगच्या कारखान्यात तीस वर्षं हातोड्यावर होते. हातोडा म्हणजे हातातला नव्हे. दोन माणसांच्या उंचीचं यंत्र, तापून लाल झालेल्या लोखंडावर वरून घाव घालणारं. उंच, काटक माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, केस चापून बसवलेले. हॉलमध्ये आम्ही सगळे चपला-बुटांसकट जायचो, भाऊ मात्र दाराशी चपला काढायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, इथे कुणी काढत नाही." तर म्हणाले, "बाई, हितं कोनतरी आपल्याला कायतरी शिकवनार आसतं. पायात घालून कसं बसायचं?"

क्लबात ते आले ते पाहुणे म्हणूनच. कामगारांवर काहीतरी कार्यक्रम करायचा ठरलं, आणि नुकतेच निवृत्त झालेले भाऊ बोलायला आले. वीस मिनिटं हातोड्याविषयी बोलले. मग त्या वेळचे अध्यक्ष उठले आणि नेहमीचं म्हणाले, "आपल्या अत्यंत व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून माननीय पाहुणे आले..." भाऊ बसल्या जागेवरून उभे राहिले.

"साहेब, मी रिटायर हाय. मला काय बी कार्यक्रम न्हाई. मी बोललो त्यातलं तुमाला काय पोचलं, तेवडं सांगा."

सगळे हसले. अध्यक्षही हसले, पण त्यांना एक वाक्य सांगता आलं नाही. त्यांनी विनोदानं म्हटलं, "मग पुढच्या वेळी आभार तुम्हीच माना." आणि पुढच्या गुरुवारी भाऊ खरंच आले.

त्यांना सभासद करून घेण्याचा विषय निघाला तेव्हा दोघा-तिघांनी आवाज खाली आणून विचारलं होतं, "ते आपल्यात रमतील का?" कशाबद्दल विचारतायत ते सगळ्यांना कळलं होतं आणि कुणीच बोललं नाही. मीही नाही. मी वहीत "चर्चा झाली" एवढंच लिहिलं. भाऊंना हे कधी कळलं की नाही, माहीत नाही. बहुतेक कळलं असावं. पण ते रमले, आणि ज्यांनी विचारलं होतं तेच पुढे आभार ऐकायला जिना धापा टाकत चढायचे.

आभाराची त्यांची रीत ठरलेली. "आभार म्हंजे पोच," असं ते म्हणायचे. "सामान मिळालं तर काय मिळालं ते सांगाया नको?" पाहुण्यांच्या बोलण्यातलं एक वाक्य ते उचलायचे, एकच, आणि तेवढ्यावर दोन-तीन मिनिटं बोलायचे. बहुधा ते वाक्य पाहुण्यांनी जाता जाता म्हटलेलं असायचं. आम्ही ऐकलेलंही नसायचं.

एकदा उर्स्याच्या टोलनाक्याजवळ रुग्णवाहिकेवर काम करणारा एक मनुष्य बोलावला होता. बिचारा फार घाबरला. एक्सप्रेसवेवरचे अपघात, जखमींना कसं उचलायचं, असं कायकाय सात मिनिटांत भराभर सांगून तो खालीच बसला. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. मागे कुणीतरी खोकलं. पाहुण्याची मान वर होईना. भाऊ उठले.

"पाव्हन्यांनी सांगितलं, जखमी मानसाला हात लावायच्या आधी त्याचं नाव इचारायचं. का, तर शुद्ध हाय का ते बघायला. पन मला वाटतं आजून एक आसंल. रस्त्यावर पडल्याला मानूस सगळ्यांसाठी नुसता अपघात आसतो. लोक म्हंत्यात, अपघात झाला, अपघात बाजूला घ्या. त्यात त्याला नाव इचारनारा पयला मानूस ह्यो. शेवटचा बी हाच आसंल. हे काम हे रोज करत्यात. सात मिन्टांत सांगून झालं, पन करायला किती वर्सं लागली आसतील?"

त्या मनुष्यानं मान वर केली. नंतर चहा घेताना तो मला म्हणाला, "मॅडम, मी एवढं बोललो होतो?"

भेटींच्या रविवारी भाऊंचा सगळ्यांना थोडा त्रास व्हायचा. आमच्या भेटी म्हणजे फळं वाटायची, फोटो काढायचे आणि जेवायच्या वेळेला परत फिरायचं. कान्हे गावाच्या पुढे एका वृद्धाश्रमात गेलो तेव्हा सगळे गाडीत बसले आणि भाऊ सापडेनात. मी आत गेले. एका आजोबांच्या खाटेवर ते बसलेले होते. आजोबा त्यांच्या बैलांविषयी बोलत होते, चाळीस वर्षांपूर्वीच्या. बाहेर हॉर्न वाजत होता.

"भाऊ, सगळे थांबलेत."

"थांबू द्या की बाई. ह्यांचा एक बैल ऱ्हायलाय आजून."

त्या दिवशी सगळ्यांना जेवायला तीन वाजले. पुढच्या भेटीला चौघांनी आपापल्या गाड्या आणल्या.

भाऊंना ऐकू कमी यायला लागलंय हे नक्की कधी माझ्या लक्षात आलं, ते सांगता येणार नाही. सगळे हसून झाल्यावर ते हसायचे. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायचे. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची सोडून अगदी माईकसमोर बसायला लागले. एकदा कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, तुमी काय लिवलंय ते जरा दावता का? ताडून बघतो." मी वही दिली. पुढच्या वेळी त्यांनी कार्यक्रम चालू असतानाच हात पुढे केला.

मग मीच सुरुवात केली. व्याख्यान संपत आलं की एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात पाहुण्यांचं एक वाक्य लिहायचं आणि शेजारी सरकवायचं. भाऊ ते वाचायचे, चिठ्ठी घडी करून खिशात घालायचे आणि उठायचे. आभार पहिल्यासारखेच व्हायचे. लोक पहिल्यासारखेच वाहवा करायचे. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमान वाटायचा. वाक्य मी निवडलेलं असायचं ना. वर्ष-दीड वर्ष असं चाललं. कानाचं काहीतरी करा, असं मी त्यांना एकदाही स्पष्ट म्हटलं नाही.

कान कसे गेले ते त्यांनीच सांगितलं, भेटीहून परतताना गाडीत. कारखान्यात कानात घालायला बोळे मिळायचे. पण ते घातले की घाव नीट ऐकू यायचा नाही. "लोखंड कच्चं हाय का शिजलं, ते आवाजावरनं कळतं बाई. आंधळं होऊन सैपाक करायचा का?" म्हणून ते बोळे काढून ठेवायचे. सगळेच ठेवायचे, म्हणाले.

मग एका गुरुवारी पाहुण्या होत्या सुमनताई. कामशेतला शिवणाचे वर्ग घ्यायच्या. जुन्या हायवेवर त्यांच्या मुलाच्या मोटरसायकलला ट्रकची धडक बसली, दोन दिवसांनी डॉक्टरांनी आशा नाही असं सांगितलं, आणि त्यांनी त्याचे अवयव दान केले. त्याला वर्ष होत आलं होतं. आमचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर जोगळेकर, यांनी विषय ठरवला होता, "मरणानंतरचं जीवन". फलकावर फुलांच्या चित्रात तो मोठ्या अक्षरांत लिहिला होता.

सुमनताई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. आवाज अगदी बारीक. म्हणाल्या, "सगळे मला म्हणतात, तुमचा मुलगा पाच माणसांत जगतोय. मी हो म्हणते. पण मला तसं वाटत नाही. माझा मुलगा गेला. ती पाच माणसं जगली याचं मला बरं वाटतं, पण ती माझी कुणी नाहीत. ती मला आई म्हणणार नाहीत. मी सही केली, ती बरोबर केली. पण सही केल्यानं माझं दुःख कमी होईल असं मला तिथे ज्यांनी सांगितलं, ते खोटं होतं. दुसऱ्या आयांना असं सांगू नका. एवढंच सांगायला मी आले."

मी पेन खाली ठेवलं होतं. कधी ठेवलं ते कळलं नाही. वहीवर त्या दिवशीची एक ओळ नाही. मी फक्त त्यांच्याकडे बघत होते. चिठ्ठीची आठवण झाली तेव्हा भाऊ माझ्या शेजारी नव्हते. ते माईकपाशी पोचले होते.

त्यांनी फलकाकडे एकदा बघितलं. सुमनताईंच्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं. मुलगा, पाच, सही, दुःख, एवढे शब्द त्यांनी ओठांवरून टिपले असावेत. आणि सुरुवात केली, "ताईंनी आज आपल्याला लय मोठी गोष्ट सांगितली. त्या म्हनल्या, माझा मुलगा गेला न्हाई..."

सुमनताईंनी मान वर केली.

"...त्यो पाच घरांत नांदतोय. पाच आयांच्या पोटी त्यो फिरून जल्माला आलाय. जिची सही झाली, तिचं दुःख सरलं. आसं समाधान या ताईंच्या चेहऱ्यावर आज आपन बघितलं. आपन सगळ्यांनी उभं ऱ्हाऊन या भाग्यवान आईसाठी टाळ्या वाजवूया."

टाळ्या वाजल्या नाहीत. दोघे-तिघे अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. सुमनताई म्हणाल्या, "मी असं म्हटलं नाही." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "मी असं नाही म्हटलं हो." भाऊंनी त्यांच्याकडे बघून नम्रपणे हात जोडले आणि हसले. त्यांना वाटलं, त्या धन्यवाद म्हणतायत.

सुमनताई पिशवी उचलून निघून गेल्या. चहाला थांबल्या नाहीत.

भाऊ माझ्याजवळ आले. "बाई, काय झालं? मानसं आशी का बघत्यात?" बोलून उपयोग नव्हता. जिन्यात उभं राहून वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहिलं. त्या काय म्हणाल्या ते, आणि भाऊ काय म्हणाले ते. मी एक शब्द गाळला नाही. आता वाटतं, थोडं गाळायला हवं होतं. भाऊंनी ते पान दोनदा वाचलं. मग फाडून घेतलं, खिशात ठेवलं आणि कठडा धरून खाली उतरले. चपला वरच राहिल्या. मी त्या हातात घेऊन मागे धावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच कामशेतला गेले. मला सांगितलं असतं तर मी बरोबर गेले असते. दुपारी माझ्या दारात उभे राहिले. घामानं शर्ट भिजलेला. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"गेलतो ताईंकडं. पाया पडलो. म्हनलं, मला ऐकू येत न्हाई, मी न ऐकताच बोललो, चुकलं माझं."

मी कागद घेऊन लिहिलं, "मग?"

"मंग त्या बोलल्या. लय वेळ बोलल्या. पंधरा-ईस मिन्टं. रडत बी होत्या. मी आपला मान हालवत बसलो. रागावल्या का माफ केलं, ते मला कळलं न्हाई बाई. 'लिवून द्या' म्हनायचं धाडस झालं न्हाई. त्यांना काय सांगू, तुमी एवडं बोलला ते बी पोचलं न्हाई म्हनून?"

मी सुमनताईंना फोन केला. चार दिवसांनी त्यांनी उचलला. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला जे सांगायचं होतं ते मी त्यांना सांगितलंय. पुन्हा पुन्हा सांगण्यासारखं ते नाही." आणि फोन ठेवला. मी पुन्हा केला नाही. त्या काय बोलल्या होत्या ते आता कुणालाच कळणार नाही. भाऊ मात्र भेटले की विचारायचे, "काय कळलं का?" मी नकारार्थी मान हलवायचे.

त्यानंतर त्यांच्या मुलीनं त्यांना चिंचवडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. फार उशीर झालाय, आतल्या नसाच गेल्यात, असं निदान झालं. तरी यंत्र बसवून पाहिलं. भाऊंनी ते पंधरा दिवस लावलं. म्हणाले, "आवाज लय येतो. शब्द येत न्हाईत. समदी मानसं हातोड्यावानी वाजत्यात." मग ते यंत्र डबीत गेलं.

क्लबानं त्यांना वाईट वागणूक दिली असं कुणी म्हणू शकणार नाही. जोगळेकर डॉक्टरांनी त्यांना "ज्येष्ठ मार्गदर्शक" असं पद दिलं आणि पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली. आभार एक तरुण सभासद मानायला लागला. तो एका मिनिटात पाहुण्यांचे, हॉलच्या मालकांचे, चहावाल्याचे आणि उपस्थितांचे आभार मानून मोकळा होतो. माणसं पुन्हा चपला शोधायला लागली. भाऊ पाच-सहा गुरुवार आले, राखीव खुर्चीत ताठ बसले. मग त्यांना नमस्कार करणारे लोकही नुसतेच हसून पुढे जायला लागले. थांबून लिहायला कुणाला वेळ असतो? मलाही नेहमी नसायचा. मग ते यायचे बंद झाले.

बाजारात त्यांच्या पत्नी, कमलवहिनी, भेटल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, कामाला हुते तवा दमून यायचे, बोलायचे न्हाईत. रिटायर झाले आन् क्लबात जायला लागले, तवा घरात बोलाया लागले. पाव्हना काय म्हनला, आपन काय म्हनलो, समदं सांगायचे. आता त्ये बी ग्येलं. ऐकू येत न्हाई त्ये एक, पन ह्यांनी बोलायचं बी सोडलंय. मी इचारलं लिवून. तर माझ्याच कागदावर खाली लिवलं, 'चुकीचं बोलन्यापरीस न बोललेलं बरं.' आता मी दोन यत्ता शिकलेली. रोज किती लिवू?"

मी येते म्हणाले. जायला सहा महिने लागले.

भाऊ गेले ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात, झोपेत. क्लबाच्या ग्रुपवर बातमी आली, खाली हात जोडल्याची चित्रं आली, आणि त्यांच्याखाली लगेच पुढच्या रविवारच्या भेटीची सूचना. शोकसभेत मी बोलावं असं ठरलं होतं. मी प्रकृतीचं कारण सांगितलं. कारण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जानेवारीत, आणि ते सांगितल्याशिवाय मला दुसरं काही बोलता आलं नसतं.

क्लबाच्या वर्धापनदिनाची पत्रिका द्यायला मी वराळ्याला गेले होते. त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंना आता उंच इमारती झाल्यात, मधे ते बैठं घर तेवढं राहिलंय. दार उघडं होतं. कमलवहिनी घरी नव्हत्या. भाऊ ओसरीत दाराकडे पाठ करून बसले होते, मांडीवर परात घेऊन तांदूळ निवडत होते. पांढरा शर्ट इस्त्रीचा होता. मान खूप बारीक झाली होती. एक एक खडा उचलून ते शेजारच्या वाटीत टाकत होते, घाई नव्हती.

"भाऊ," मी म्हटलं. मग जरा मोठ्यानं, "ओव्हाळभाऊ!" शेजारच्या इमारतीतल्या एका बाईनं खिडकीतून डोकावून बघितलं. भाऊंचा हात तांदळात तसाच फिरत राहिला.

चार पावलं टाकून त्यांच्या खांद्याला हात लावायचा होता, एवढंच. मग ते वळले असते, ओळखून हसले असते, मला बसायला सांगितलं असतं. आणि मग मला कागद काढावा लागला असता. काय लिहिणार होते मी? वर्धापनदिनाला या? सुमनताईंचं काही कळलं नाही? मी तिथेच उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण परातीतला ढीग एका बाजूनं निवडून झाला आणि ते दुसऱ्या बाजूला वळले, एवढं आठवतं.

पत्रिका मी दाराच्या कडीत अडकवली. आवाज होऊ नये म्हणून दार हळूच लोटून घेतलं, आणि लोटल्यावर लक्षात आलं की आवाजाची काळजी करायचं काही कारणच नव्हतं.